रेडिओचं लायसन्स

इमारतीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे रेडिओ. पाठीमागे म्हणजे जिन्यात, ती दोन पायऱ्या खाली उतरल्यावर. तेवढ्या अंतरावरून तिला ऐकू जायचंच. तिची हरकत नव्हती. "रेडिओ निदान लोक लावून तरी ठेवतात," असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात तारा चाचपणाऱ्या माणसाला घरी आल्यावर आवाज बरा वाटत असावा. तो स्वतः "हं" म्हणायचा. संसारातले बहुतेक सगळे प्रसंग त्याने या एका अक्षरावर निभावून नेले होते.

तिची नोकरी बस डेपोच्या चौकशी खिडकीत. काचेला एक गोल भोक, त्यातून प्रश्न आत यायचा आणि उत्तर बाहेर जायचं. उत्तर प्रश्नाच्या दसपट असायचं. दुपारची गाडी कधी सुटते एवढं विचारलं, तर वेळ कळायचीच, वर ड्रायव्हरच्या कंबरदुखीचं काय झालं, डावीकडे ऊन लागतं म्हणून उजवीकडे का बसायचं आणि एवढ्या उन्हात निघालात ते नक्की कुणाकडे, इथपर्यंत गोष्ट जायची. गाडी निघून जायची. माणूस मात्र सहसा चिडायचा नाही, कारण पुढची गाडी येईपर्यंत ती त्याला एकटं सोडायची नाही.

त्या खिडकीशी राखाडी कोट घातलेला एक गृहस्थ रोज यायचा. हातात पिशवी नाही, काही नाही. "सगळ्यात लांब जाणारी गाडी कुठली?" एवढंच विचारायचा. ती सगळं सांगायची. तो मान हलवायचा आणि गाडीत न बसता परत जायचा. एक दिवस त्याने भोकाजवळ तोंड आणून म्हटलं, "ताई, मला जरा दुसरंच विचारायचं होतं."

"विचारा की. पण आधी ऐका, आज गाडी पलीकडच्या फलाटावर लागलीये," असं म्हणून ती सुरू झाली. फलाट का बदलला, कुणी बदलला, त्यावरून कोण कुणाला काय बोललं. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे." आणि गेला. परत आला नाही.

काहीही झालं असेल. नोकरी लागली असेल, मुलीकडे गेला असेल, दुसऱ्या खिडकीवर विचारत असेल. पण ते "राहू दे" तिच्या कानात अडकून बसलं. एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता तिने घरात जाहीर केलं की आपण मानसशास्त्रज्ञ होणार. रीतसर, लायसन्सवाली.

"म्हणजे काय करायचं असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"लोकांचं ऐकून घ्यायचं."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तू?"

नवरा "हं" म्हणाला, पण त्याच्याही "हं"ला शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

मग तिने काय काय लागतं त्याची चौकशी केली. चौकशी खिडकीतल्या बाईलाच चौकशी करत फिरावं लागलं. पदवी लागते. पदवी होती, पण ती वेगळ्या विषयाची निघाली, म्हणजे नसल्यासारखीच. म्हणून ती पहिल्यापासून. त्यावर दुसरी, मोठी पदवी. त्यासाठी प्रबंध, तिने 'रांगेत उभ्या असलेल्या माणसाची चिडचिड' हा विषय घेतला आणि माहिती गोळा करायला कुठे जावं लागलं नाही, ती ज्या ज्या कार्यालयांत अर्ज द्यायला उभी राहिली तिथेच सगळी मिळाली. मग वर्तणूक चांगली असल्याचा दाखला, नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठितांच्या सह्यांचा. मग तिचं स्वतःचं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला, जो आधीच लायसन्स मिळालेल्या माणसाकडूनच चालतो. आणि मग देखरेखीखालचे तास, म्हणजे शेकड्यांनी माणसांसमोर बसायचं, आणि आपण नीट बसलो की नाही हे जुन्या जाणत्या मानसशास्त्रज्ञाने बघून सह्या द्यायच्या. त्यानंतर लेखी. त्यानंतर तोंडी. डोकं ठिकाणावर असल्याचं सिद्ध करायला एवढी धावपळ की ठिकाणावरचंही हलावं.

"लिफ्टच्या लायसन्सला एक परीक्षा आणि एक फोटो," नवरा म्हणाला. "आणि लिफ्टमध्ये माणसं असतात."

"अहो, लिफ्ट पडली तर आवाज तरी येतो."

उत्तर सासूबाईंनी दिलं. "पूर्वी घरातल्या रेडिओलासुद्धा लायसन्स काढावं लागायचं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी काढलं होतं. पण ते वाजवायला लागायचं. तू गप्प बसण्याचं काढणार म्हणतेस."

सासूबाईंचं म्हणणं पहिल्याच सत्रात खरं ठरलं. सरावासाठी वर्गातल्या एका मुलीला तिच्यासमोर बसवलं. मुलगी म्हणाली, "मला हल्ली झोप येत नाही." हिने उशी कशी असावी इथून सुरुवात केली. थोड्या वेळाने शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर टिचकी मारली.

"यात क्लायंट कोण आहे?"

"ती."

"मग तिला कधी बोलू देणार?"

या विद्येत गप्प बसणं हेच मुख्य अवजार, हे तिला तिथे कळलं. एक प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटायचं. समोरचा बोलेपर्यंत मिटलेलंच ठेवायचं. शांतता फार झाली तर त्याचा शेवटचा शब्द हळूच परत करायचा, बस. पहिल्यांदा तिने हे केलं तेव्हा खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की एका हाताचा खिळा निघाला.

सराव घरीही करावा लागतोच. एका संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?" आणि गप्प बसली. तो "हं" म्हणाला आणि पुढच्या कार्यक्रमाची वाट बघू लागला. कार्यक्रम नाही. त्याने वर पाहिलं. "तुला बरं नाही का?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो चमच्याशी खेळत राहिला आणि मग म्हणाला, "मला खाली बघायची भीती वाटते."

"खाली बघायची."

"लिफ्टच्या बोगद्यात. पहिल्या दिवसापासून. पाय गार पडतात. अजूनही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे माहीत नव्हतं. माहीत होण्यासारखी जागाच तिने कधी सोडली नव्हती. आतून सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. लहानपणी माळ्यावरसुद्धा चढायचा नाही."

डेपोत मात्र हाहाकार झाला. उत्तरं एका ओळीत यायला लागली तसे प्रवासी बिचकले. "ताई रागावल्यात का?" असं विचारत लोक पाण्याच्या बाटल्या आणून द्यायला लागले. साहेबांनी बोलावून सांगितलं की चौकशी खिडकीवर एवढी शांतता बरी दिसत नाही. तासांसाठी वेळही पुरत नव्हता. तिने नोकरी सोडली. त्याच महिन्यात सासूबाईंनी आपली खाट मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत नेली. मधली खोली रंगवून घेतली, समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. "लोक येतील तेव्हा बसायला नको का?" त्या म्हणाल्या. "बाहेर रस्त्याच्या गाड्यांनी मला झोप येत नाही, ते एक असो. लायसन्स आलं नाही तर सांग, खाट परत नेईन." दोन खुर्च्यांच्या त्या खोलीवरून घरातला प्रत्येक जण दिवसातून अनेकदा जायचा आणि दार ओढून घ्यायचा.

देखरेख करायला सर मिळाले. शिकाऊ लोकांना घेणारे शहराच्या त्या भागात ते एकटेच. त्यांची खोली चष्म्याच्या दुकानावर होती. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा, आणि घड्याळ अशा जागी लावलेलं की ते फक्त सरांना दिसावं. तिने आठवडाभर दुसरीकडे क्लायंटसमोर बसायचं आणि ठरल्या दिवशी सरांकडे येऊन काय झालं ते सांगायचं, सरांनी चुका दाखवायच्या, अशी पद्धत.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "हं, मग?" आणि गप्प बसले. ते या विद्येतले जुने खेळाडू.

तिला शिकवलं होतं की विचारणाऱ्याला थांबता आलं पाहिजे, आणि आता तिलाही थांबता येत होतं. तिला वाटलं, सर बघतायत आपल्याला कितपत जमतं ते. ती बसून राहिली. सरांना वाटलं, ही काहीतरी आणायच्या तयारीत आहे. तेही बसून राहिले. खालून चष्मेवाल्याचा आवाज येत होता. "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" गिऱ्हाईक काहीतरी पुटपुटायचं. पुन्हा, "आता? की आधीचं?"

सर हरले.

"बायको बहिणीकडे गेलीये," ते म्हणाले.

"बहिणीकडे," ती म्हणाली. सवयीने तोंडून निघून गेलं.

झालं. तासभर सरांनी मागे वळून पाहिलं नाही. बायको म्हणाली होती, की तुमच्यासमोर बसलं की मला वाटतं घड्याळ माझ्या पाठीमागे लावलंय. मी काय तुमची क्लायंट आहे का? एवढं बोलून पिशवी भरून गेली होती. शेवटी सर उठले, कोट झटकला, सही केली आणि म्हणाले, "छान झालं आजचं सुपरव्हिजन."

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. पुढच्या खेपेला ती तयारी करूनच गेली. "सर, माझ्याकडे एक मुलगी येते, शाळेत जायला तयार नाही."

"जायला तयार नाही," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. "मीसुद्धा परवा बायकोच्या बहिणीच्या दारापर्यंत गेलो होतो. बेल वाजवायला तयार होईना हात."

मुलीचं पुढे काय करायचं ते तिने वर्गातल्या बाईंना फोन करून विचारलं. मुलगी शाळेत जाऊ लागली. सर मात्र महिनोन् महिने तिथेच, त्या दाराबाहेर. एकदा तिने विचारलं, "सर, हे जे मला सांगता, ते त्यांना सांगितलंत?" त्या दिवशी रुमालांच्या डब्यातला कागद पहिल्यांदाच सरांच्या बाजूला गेला. एक नव्हे, बरेच गेले. पुढच्या आठवड्यात सरांच्या कोटाला इस्त्री होती आणि बायको घरी होती.

लेखी परीक्षा ती पास झाली. राहिली तोंडी. तोंडीत नापास झालं की सगळे तास वाया जातात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात, असा मंडळाचा नियम. परीक्षेच्या सकाळी सासूबाईंनी काही म्हटलं नाही, फक्त मधल्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या.

मंडळाचं कार्यालय एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. नवरा सोबत आला होता. लिफ्ट बंद होती. "तू चढ," तो म्हणाला, "मी जरा बघतो," आणि त्याने खिशातून पाना काढला.

लांब टेबलामागे तिघं होती. मध्ये अध्यक्षबाई, साखळीला चष्मा. उजवीकडे नियमसाहेब, त्यांना सगळे तेच म्हणत, आणि नोंदी तेच लिहीत. डावीकडे एक म्हातारे सदस्य, कानाला यंत्र, डोळे मिटलेले. देखरेख करणाऱ्याने हजर राहून दोन शब्द बोलायचे अशी रीत होती, म्हणून सरही होते. अशा वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असतं: उमेदवार कष्टाळू आहे, वक्तशीर आहे. पण सर मनापासून खूश होते. तिथेच घोळ झाला.

"या बाईंबद्दल मी काय सांगू?" सर उभे राहिले. "मीच पुरावा आहे. यांनी माझा संसार वाचवला."

नियमसाहेबांचं पेन थांबलं.

"म्हणजे तुम्ही यांचे क्लायंट होतात?"

"छे. मी सुपरव्हायझर."

"मग संसार कधी वाचवला?"

"सुपरव्हिजनच्याच तासात. वेगळा वेळ कुठे होता?"

नियमसाहेबांनी पेन ठेवलं. मग त्यांनी सावकाश, चवीने नियम सांगितला. ज्याच्यावर तुम्ही उपचार करता, त्याच्याकडून तुमच्या कामाची सही घ्यायची नाही. ज्याने तुमची परीक्षा घ्यायची, त्याचं मन तुम्ही उघडायचं नाही. एका माणसाशी एकच नातं. तेव्हा तो उपचार होता असं धरलं, तर सरांच्या सगळ्या सह्या बाद. "आणि नुसत्या गप्पा होत्या असं धरलं," ते म्हणाले, "तर सुपरव्हिजन झालंच नाही. तरी बाद."

सर बसले. आपण काय केलं ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं.

अध्यक्षबाईंना जेवायला जायचं होतं, आणि त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी वाट काढली. "सर, शिकाऊ माणसासमोर आपण कधी कधी रुग्णाचं सोंग घेतो. सरावासाठी. तुम्ही तेच केलंत. हो ना?"

सरांनी टेबलाकडे बघितलं. "हो," ते म्हणाले. "सोंगच होतं."

"झालं तर. बाई, हे सोंग आहे ते तुमच्या लक्षात आलं होतं ना?"

एक "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यावर लायसन्स. नाही म्हटलं तर तास गेले, खोली गेली, खाट परत. तिने तोंड उघडलं. सरांचे हात मांडीवर होते आणि ते डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताने चोळत होते, बायकोच्या बहिणीच्या दाराबद्दल सांगताना चोळायचे तसा. तिला वाटलं, आपण आत्ता हो म्हटलं तर हा माणूस परत कधी कुणासमोर त्या डब्यातला कागद घेणार नाही. मनातल्या मनात म्हणेल, राहू दे.

तिने तोंड मिटलं.

आधी त्यांना वाटलं, बाई विचार करतेय. मग शांतता वाढली. टेबलामागची तिघंही या कामात मुरलेली. अशी शांतता मोडायची नसते हे त्यांनी शेकडो जणांना शिकवलेलं. कोणीच मोडेना. बाहेरून नवऱ्याच्या पान्याचा टणटण आवाज तेवढा येत होता.

म्हातारे सदस्य त्या शांततेनेच जागे झाले. "सगळे गेले वाटतं," ते म्हणाले. मग समोर बघून, "नाही, आहेत. घरी असंच होतं हो. सगळे असतात आणि कुणी नसतं. सुनेला वाटतं मला ऐकू येत नाही. येतं. यंत्र मीच बंद ठेवतो."

"बंद ठेवता," ती म्हणाली. खरंच सवयीने.

"नाहीतर माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकावं लागतं," म्हातारे म्हणाले, आणि पुढे बरंच म्हणाले.

"हे तोंडी परीक्षेत बसत नाही," नियमसाहेब म्हणाले. ती त्यांच्याकडे बघत होती, चांगल्या नजरेनं. नियमसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. "आम्हाला काय, बोलावंसं वाटत नाही? चहा गार असला तरी मला परत पाठवता येत नाही. घसा सुकतो. नियम असला की बरं असतं. नियमाने बोलता येतं."

"अहो, तुम्ही सुद्धा?" अध्यक्षबाई म्हणाल्या आणि हसल्या, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी चष्मा काढला. "या परीक्षेत मी आधी दोनदा नापास झाले होते. घरी सांगितलं, परीक्षा पुढे ढकललीये. आमच्या ह्यांना अजून वाटतं की या मंडळाचा कारभार फार ढिसाळ आहे."

टेबलावर डबा होता. या लोकांच्या प्रत्येक खोलीत असतो. सरांनी तो उचलून अध्यक्षबाईंसमोर सरकवला. त्या खोलीत मन आधीच मोकळं करून स्वस्थ बसलेला तो एकच माणूस होता.

पहिलं भान नियमसाहेबांना आलं. रंग उतरला त्यांचा. "आपण आत्ता," ते म्हणाले, "यांच्यासमोर मन उघडलं."

"मग?"

"मग आपल्याला यांची परीक्षा घेता येत नाही. तोच नियम. नवीन मंडळ नेमावं लागेल. आणि का, ते लिहावं लागेल."

सगळ्यांनी नोंदीच्या कागदाकडे पाहिलं. तो अजून कोरा होता.

"लिहा," अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "उमेदवाराला प्रश्न विचारण्यात आला. उत्तर समाधानकारक."

"उत्तर दिलेलंच नाही."

"मग लिहा, संक्षिप्त आणि समाधानकारक."

"आणि इथे जे बोललं गेलं..."

"कुठे काय बोललं गेलं?" म्हातारे म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

तिघांच्या सह्या झाल्या. बाहेर व्हरांड्यात सर तिच्यामागून आले. "सोंग नव्हतं ते, बाई," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

लिफ्ट सुरू झाली होती. नवरा आत उभा राहून बटणं पुसत होता. दार लागलं, लिफ्ट उतरू लागली.

"झालं?"

"झालं. मिळालं."

त्याने मोठा श्वास सोडला. "काय विचारलं?"

तिने तोंड उघडलं. आयुष्यात तिच्या हाती इतकी नामी गोष्ट लागली नव्हती. म्हाताऱ्यांचं यंत्र, गार चहा, दोनदा नापास अध्यक्षबाई. डेपोतल्या सबंध दुपारला हे पुरलं असतं. आणि नेमकं तिथेच तिच्या लक्षात आलं की समोर बसून कुणी बोललेलं दुसरीकडे सांगायचं नाही, हाही एक नियम आहे, आणि तो आत्ता, दोन मजल्यांपूर्वी, तिला लागू झालाय.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग दाराच्या फटीतून खाली सरकणाऱ्या अंधाराकडे, क्षणभरच. "हं," तो म्हणाला.

इमारतीत बातमी तिच्याआधी पोचली होती. जिना भरला होता. सांगा, ताई, काय काय झालं? तिने सगळ्यांकडे पाहून मान हलवली. सासूबाईंनी हाताला धरून आत नेलं, दार लावलं, मधल्या खोलीत खुर्चीत बसवलं आणि समोरच्या खुर्चीत स्वतः बसल्या.

"मला तरी सांग. पास कशी झालीस?"

"गप्प बसून."

"सांगायचं नसेल तर नको सांगू," सासूबाई उठत म्हणाल्या. "पण थापा नको मारू."

संध्याकाळी ती दूध आणायला उतरली. जिन्यात शेजारणी उभ्या होत्या. दोन पायऱ्या खाली गेल्यावर मागून आवाज आला, "रेडिओला आणि लायसन्स. वरच्या कुणाची तरी ओळख असणार."

वरच्या सगळ्यांचीच ओळख होती आता, आणि कशी झाली तेही सांगण्यासारखं होतं. तिचा पाय पायरीवर थबकला. गोष्ट घशापर्यंत आली. मग तिने ती गिळली, कठडा धरला आणि खाली उतरून दुधाच्या रांगेत उभी राहिली.